दबलेली नस, मोकळा हात

‘नस दबली’ हे शब्द आपल्या वस्तीत रोज कानावर पडतात. कंबर धरली की नस दबली, मान अवघडली की नस दबली. मग कोणी तेल चोळून घेतो, कोणी नस बसवणाऱ्याकडे जातो. पण नस दबते म्हणजे नेमके काय होते आणि ती मोकळी कशी करतात, हे आम्हां तिघा भावंडांना आईच्या उजव्या हातामुळे समजले. इतर घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आईने २५ वर्षे एका खानावळीसाठी पोळ्या लाटल्या. सकाळी शंभर, संध्याकाळी तेवढ्याच. कणीक मळण्याचे कामही तिच्याकडेच. आमची शिक्षणे त्याच पोळपाटावर झाली. २०१७ साली तिच्या बोटांना रात्री मुंग्या येऊ लागल्या. झोपमोड होई, उठून बसून ती हात झटके. झटकला की तेवढ्यापुरते बरे वाटे. खानावळीत कळले तर काम जाईल, म्हणून ती कुणाला बोलली नाही. एका दवाखान्यात वाताचा त्रास म्हणून वर्षभर गोळ्या मिळत राहिल्या. पुढे हातातून कप निसटू लागले, ब्लाउजचे हूक लावता येईनात आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा वाळून खोलगट दिसू लागला.

२०१९ साली आम्ही तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “मावशी, करंगळीला मुंग्या येतात का?” आई म्हणाली, “नाही बाई, ती तेवढी चांगली आहे.” या एका उत्तराने पुष्कळसा उलगडा झाला.

मनगटापुढे, तळव्याच्या बुडाशी हाडांचे पन्हळ असते आणि त्यावर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. मधल्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. ही नस अंगठा, पहिली दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. बोगद्यात सूज आली की दोऱ्या दाबल्या जात नाहीत, मऊ नस दाबली जाते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरबाईंनी आईला दोन्ही मनगटे वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला सांगितले. मिनिट भरायच्या आतच मुंग्या आल्या. ही तपासणी अमेरिकेतील डॉ. जॉर्ज फेलन यांच्या नावाने ओळखली जाते. नंतर विजेचे बारीक झटके देऊन नसेचा वेगही मोजला.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून किंवा इंजेक्शनने पुष्कळांना आराम पडतो. गरोदरपणात होणारा असा त्रास बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातो. मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर त्याचाही इलाज करावा लागतो. आईचा स्नायू मात्र वाळू लागला होता. तिला शस्त्रक्रियाच सांगितली.

घरात वाद झाला. मामा म्हणाले, “चिरफाड केली की हात कायमचा जाईल.” बहीण म्हणाली, “नाही केली तर राहणार आहे का?” आईला चिंता बुडणाऱ्या पगाराची. डॉक्टरबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. “मुंग्या जातील असे वाटते. वाळलेला स्नायू पुन्हा भरेल, असा शब्द देत नाही,” त्या म्हणाल्या. निर्णय आईनेच घेतला. “पूर्ण हात नको, पण रात्रीची झोप तरी द्या,” ती म्हणाली.

भूल फक्त हातालाच दिली होती. तळव्यावर छोटा छेद घेऊन तो चिवट पट्टा मधोमध कापला. नसेला हात न लावता तिच्यावरचे ओझे तेवढे काढले. अर्ध्या तासात आई बाहेर आली, त्याच दिवशी घरी आली, आणि त्या आठवड्यात कित्येक महिन्यांनी सलग झोपली. टाके दोन आठवड्यांनी निघाले. तळव्याचे बूड मात्र तीन-चार महिने दाबले की दुखे. हूक आता लागतात. अंगठ्याची ताकद पूर्ण परतली नाही, ती परतणारही नाही.

दाब काढण्याचे हेच तत्त्व शरीरात इतरत्रही वापरतात. डोक्याला मार लागून मेंदू सुजला तर प्रसंगी कवटीचा तुकडा काढून जागा करतात. पाय मोडून पोटरीत सूज कोंडली तर स्नायूंवरचे आवरण चिरतात. तेथे काही तासांचा उशीरही पाय घालवू शकतो. प्लास्टर घातल्यावर वेदना वाढतच गेल्या, बोटे हलवताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कंबरेची गादी सरकली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असे नाही. बहुतेकांना तिच्याविना बरे वाटते. पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नस बसवणाऱ्याकडे मुळीच नको.

खानावळीचे काम आईने सोडले. आता घरची कणीक आमच्यातला थोरला भाऊ मळतो आणि पोळ्या तिघे पाळीपाळीने लाटतो. थोरल्याच्या पोळ्या अजून गोल होत नाहीत. आई शेजारी बसून सांगते, “मनगट मोडू नको रे, खांद्यातून जोर लाव.” भगिनींनो, रात्री हात झटकत उठत असाल तर आज घरात सांगा. आणि बंधूंनो, घरातील लाटणे कोणाच्या हातात किती वर्षे आहे, हे एकदा मोजून पाहा.