पांढरी गाडी पांढरी दिसावी म्हणून

पांढऱ्या अँबेसेडरचा फोटो काढायचा आणि प्रिंटमध्येही ती पांढरीच यायला हवी, हे ऐकायला सोपे वाटते. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये मात्र चाचांची अँबेसेडर एकाही फोटोत धड पांढरी नाही. कुणाच्या रुखसतीला फुलांनी सजलेली ती गाडी कुठे राखेसारखी करडी दिसते, तर कुठे उन्हात अशी विरघळलेली की दरवाजा कुठे संपतो तेही कळत नाही.

आम्ही दोघे बहीण-भाऊ. एक नांदेडला, दुसरी लग्न होऊन लातूरला. दोघांत मिळून एकच रोलचा कॅमेरा आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तो इकडून तिकडे जात-येत असतो. आम्ही फोटो काढतो ते गाड्यांचे. याला कारण दादीजान. जानदाराची तसबीर भिंतीवर लागलेली त्यांना चालत नसे. गाड्यांच्या फोटोंवर मात्र त्यांची हरकत नव्हती. "गाडीला कुठे रूह असते?" असे म्हणून त्यांनी आम्हाला मोकळीक दिली, ती आजतागायत चालू आहे.

कॅमेरा पेंटॅक्स के १०००, मामूंनी सौदीहून आणलेला. हे मॉडेल १९७६ ते १९९७ पर्यंत निघत होते. यात सगळे हाताने करायचे. बॅटरी लागते ती फक्त मीटरला. डोळा लावला की कडेला एक काटा दिसतो. काटा मधोमध आला की उजेड बरोबर, असे कॅमेऱ्याचे म्हणणे.

खरी गोम इथेच आहे. त्या काट्याला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरूनच तो चालतो. पांढऱ्या बॉनेटवरून भरपूर उजेड परत येतो, म्हणून तो सांगतो, उजेड कमी करा. त्याचे ऐकले की पांढरी गाडी करडी होते. काळ्या गाडीच्या बाबतीत उलटे. तो जास्त उजेड मागतो आणि काळा रंग धुऊन निघतो. म्हणून पांढऱ्या गाडीला मीटरपेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्यायचा, काळीला तेवढाच कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आपल्याकडची काळी-पिवळी जीप या बाबतीत मजेशीर. काळ्या भागावर धरले तर काटा एक सांगतो, पिवळ्यावर दुसरे, आणि आतून बाहेर आलेल्या प्रवाशांच्या पांढऱ्या टोप्यांवर तिसरेच.

म्हणून आम्ही गाडीवर मापच घेत नाही. गाडीवर पडते त्याच उन्हात तळहात धरायचा, कॅमेरा जवळ नेऊन त्यावर माप घ्यायचे आणि एक स्टॉप जास्त द्यायचा. माणूस गोरा असो की सावळा, तळहात सगळ्यांचे जवळपास सारखेच निघतात. फक्त ईदनंतरचे काही दिवस बहिणीचा हात उपयोगाचा नसतो, मेंदीमुळे माप चुकते. तेव्हा भावाचा तळहात. तोही नसला तर धुळीने फिका पडलेला डांबरी रस्ता चालतो, आणि त्याची मराठवाड्यात टंचाई नाही.

मीटर बंद पडले तरी अडत नाही. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवायचे आणि शटर फिल्मच्या वेगाएवढे. २०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा २५० वा भाग. पण भर दुपारी हिशेब बरोबर असूनही गाडी चांगली येत नाही. टप आणि बॉनेट तळपत असते आणि दरवाजे अंधारात. आम्हाला आवडते ती असरची वेळ. हनफी मसलकात दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली तिच्या दुप्पट झाली की असर सुरू होते. त्या तिरप्या उन्हात दरवाजे उजळतात, चाकांच्या आतही उजेड पोहोचतो, आणि साधारण एक स्टॉप जास्त दिला की भागते. सकाळीही तेवढी लांब सावली असताना तोच हिशेब.

चाचांची गाडी जाणार हे ठरले तेव्हा हे सगळे कामी आले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. त्यात उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ सालीच बंद पडल्याने सुटे भाग मिळवताना चाचांचा जीव मेटाकुटीला येई. भंगारवाला सोमवारी येणार होता. आमच्या हाती रविवार आणि ३६ फोटोंचा एक रोल. चाचांनी एवढेच सांगितले, "गाडी सफेदच दिखना."

सकाळी आठच्या सुमारास, दुकाने उघडण्याआधी, गाडी गंजगोलाईत नेली. फय्याजुद्दीन यांनी आखलेली ही गोल बाजारपेठ, मधली इमारत १९१७ ची. इथे सोळा रस्ते येऊन मिळतात. एफ १६ वाल्यांना याहून चांगली जागा कोणती, असे आम्ही गमतीने म्हणतो. त्या दिवशी मात्र फार गंमत सुचत नव्हती. बॉनेटवर काटा एफ १६ आणि २२ च्या मध्ये सांगत होता, तळहातावर १६. आम्ही ११ वर ठेवले. क्रोमचा बंपर चमकत होता, तो चमकू दिला. चमक आवरायला गेलो असतो तर सगळी गाडी काळवंडली असती.

रोल कुरिअरने धुवायला पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली की स्कॅन करताना उजेड आपोआप सुधारू नये, कारण ते यंत्रही सगळे करडे करायला बघते. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. तोवर अंगणात फक्त तेलाचे डाग उरले होते.

चाचांनी प्रिंट खिडकीशी नेली, चष्मा वर केला. गाडी पांढरी होती, आणि त्या पांढऱ्यात डाव्या दरवाजावरचा पोचाही स्पष्ट दिसत होता.

"अरे, हा तर अहमदपूरच्या बैलगाडीचा," ते म्हणाले.

चाची आतून म्हणाल्या, "नाही हो, लोह्याच्या बाजारातला. मी होते ना गाडीत."