भज्जीची पेरणी

सणाचा बेत एरवी स्वयंपाकघरात ठरतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका सणाचा बेत मात्र चाड्यावर मूठ धरली जाते तेव्हाच ठरून जातो. तो सण म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. गावात तिला सगळे येळवसच म्हणतात. उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंब या पट्ट्यात, शेजारच्या लातूर जिल्ह्यात आणि सीमेपलीकडच्या बीदर-कलबुर्गीच्या शिवारांत त्या दिवशी गावं ओस पडतात. घरांना कुलपं लागतात, पेठा बंद होतात आणि काळ्या रानांतून माणसांचे आवाज येऊ लागतात.

या सणाचा मानाचा पदार्थ भज्जी. तिला एक भाजी म्हणणं अपुरं आहे, कारण तीत सगळं शिवार उतरलेलं असतं. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, पालक, आंबट चुका, लसणाची आणि कांद्याची पात, तुरीचे हिरवे दाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, वांगी, गाजरं, भिजवलेले शेंगदाणे, हिरव्या मिरच्या. काही घरांत बोरंही पडतात. हे सगळं मोठ्या पातेल्यात शिजतं आणि ताकात कालवलेल्या बेसनाने त्याला दाटपणा येतो. चुक्याची आंबट, मेथीची कडवट आणि हरभऱ्याची खारट अशा तिन्ही चवी एकाच घासात लागतात. मी भज्जी अनेक घरची खाल्ली आहे आणि कोणत्याही दोन घरची चव सारखी लागलेली नाही. ज्याच्या रानात जे उगवलं, ते त्याच्या पातेल्यात. पुन्हा अमावस्या आपली जागा बदलत राहते. 2024 मध्ये ती 11 जानेवारीला आली आणि त्याच वर्षी पुन्हा 30 डिसेंबरला. 2025 मध्ये 19 डिसेंबरला. उशिराच्या वर्षी हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, ज्वारी हुरड्यावर येऊ लागते. लवकरच्या वर्षी पाल्यावरच भागवावं लागतं. रान देईल तसा बेत, हा या सणाचा नेम आहे.

भज्जीच्या जोडीला बाजरीचे वाफवलेले उंडे असतात. आमच्याकडे बाजरीला सजगुरा म्हणतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आणि तिळाची पोळी, खपली गव्हाची खीर आणि भात हे त्याच पंक्तीतले. आंबील हवीच. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, त्याला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर लावायची आणि ती मातीच्या बिंदग्यात भरायची. बिंदगं नवं असतं, त्यावर चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढलेले असतात. ज्या जिल्ह्यात तेर आहे, संत गोरा कुंभारांचं गाव, तिथे सणाचं सर्वांत देखणं भांडं मातीचं असावं, हे मला फार योग्य वाटतं.

स्वयंपाकाला रात्रीच सुरुवात होते. निवडणं, सोलणं, दळण ही कामं आदल्या दिवशी उरकलेली असतात. पहाटेच्या थंडीत चुली पेटतात. हा सण बायकांच्या जागरणावर उभा आहे, आणि त्याच्या वर्णनांत त्यांच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं, याची मला मनापासून खंत वाटते. कोणत्या भांड्यातून काय न्यायचं, पाहुणे किती, वाटेत काय सांडेल, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी काय झाकून ठेवायचं, हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. मग पांढऱ्या फडक्याने झाकलेल्या दुरड्या निघतात आणि डोईवर आंबिलीचं बिंदगं.

रानात सजावट वाट पाहत असते. कडब्याच्या पाच पेंढ्यांचे शेंडे एकत्र बांधून उभी केलेली कोप, तिला गुंडाळलेलं वस्त्र, आत चुन्याने रंगवलेले आणि कुंकू लावलेले दगड. ते पाच पांडव, सोबत द्रौपदी. भोवती ऊस, ज्वारीची ताटं, झेंडूची फुलं. नैवेद्य दाखवून झाला की पिकांमधून आंबील शिंपडत फेरी निघते आणि कन्नड वळणाचा पुकारा रानभर घुमतो. तो मराठी ओठांवर इतका रुळला आहे, की त्याला कुणी परका मानत नाही. नंतर झाडाखाली पंगत बसते. दुपार कलली की गोवऱ्यांवर दूध उतू घालतात आणि ते ज्या दिशेला सांडेल, तिकडे पुढचं साल चांगलं, असं जाणती माणसं सांगतात. अंधार पडताना पेटता हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, घेऊन शेताला फेरी मारतात.

अन्न घराबाहेर नेऊन मगच खायचं, ही ओढ आपल्यापुरतीच नाही. पोलंडमध्ये ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, अंडी, पाव, मीठ आणि मांसाचे पदार्थ टोपलीत मांडतात, टोपलीला पांढरं वस्त्र आणि हिरव्या डहाळ्या लावतात आणि ती आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. सणाला ऋतूचं हिरवं खाण्याची ओढही तशीच. जर्मनीत ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी हिरवं खाण्याची रीत आहे. फ्रँकफर्टची हिरवी चटणी सात पाल्यांची असते आणि त्यातला एक पाला आपल्या चुक्याच्या भावकीतला आहे. इटलीच्या लिग्युरियात ईस्टरला पालेभाज्या आणि अंडी भरून पापुद्र्यांची पाई करतात. आपल्या वसईच्या आणि अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती घरांतही ईस्टरच्या टेबलाचा बेत असाच आधीपासून शिजत असतो. ऋतूने दिलेलं सणाला सगळ्यांनी मिळून खावं, एवढी एक समजूत या सगळ्या घरांना बांधून ठेवते.

आता जीवाला लागलेली गोष्ट सांगते. आमचा जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा, पाऊस बेभरवशाचा. म्हणून जुन्या माणसांनी एकाच पिकावर कधी भिस्त ठेवली नाही. रब्बी ज्वारीत करडईच्या काकऱ्या, खरिपात तुरीच्या ओळी, बांधाला वाल, विहिरीजवळ चुका-मेथीचा वाफा. एक गेलं तरी दुसरं हाती लागायचं. करडईचे काटे गुरांना अडवायचे आणि तिचा कोवळा पाला भाजीला यायचा. मग सोयाबीन आलं, पाण्याची सोय असलेल्या रानांत ऊस वाढला. शेतकऱ्याला रोख पैसा हवा होता आणि तो यांनी दिला. त्याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण सोयाबीन मार्गशीर्षाच्या कितीतरी आधी कापून मळून झालेलं असतं आणि भज्जीला ते काही देत नाही. ज्वारी कमी पेरली की कडबा कमी, कडबा कमी की कोपीला पेंढ्या मागून आणाव्या लागतात. आज अनेक घरं येळवशीची भाजी आठवडी बाजारातून पिशवीभर विकत आणतात आणि स्वतःच्या रानात नेऊन शिजवतात. चव तशीच लागते. पण ज्या पातेल्यात आपलं शिवार उतरायला हवं, त्यात कुणा दुसऱ्याचंच शिवार असतं.

म्हणून भज्जी मला शेताचा हजेरीपट वाटते. तीत किती जिन्नस आपल्या बांधावरचे आणि किती बाजारातले, एवढं मोजलं तरी त्या रानाची तब्येत कळते. ज्या मातीत दहा-बारा प्रकार उगवतात, तिथे मधमाश्या येतात, गुरांना चारा मिळतो, द्विदल पिकांच्या मुळांतून जमिनीला नत्र परत मिळतं आणि एक पाऊस चुकला तरी घर अगदी उपाशी राहत नाही. पंगतीचं वैभव आणि जमिनीची शाश्वती ही एकच गोष्ट आहे, असं मी ठामपणे म्हणते.

या पंगतीचा दुसरा नेमही तितकाच मोलाचा आहे. येळवशीला ज्याला शेत नाही त्याने उपाशी राहायचं नसतं. शेजारी, शाळेतले मास्तर, बदलून आलेले कर्मचारी, वाटेवरून जाणारा अनोळखी माणूस, सगळ्यांना हाक मारून बसवतात. जात न विचारता पान वाढलं जातं तिथेच हा सण पुरा होतो. जिथे अजून विचारली जाते, तिथे तो अपुरा आहे.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. येत्या खरीप-रब्बीत सगळं रान बदलू नका, पण बांधालगत वालाच्या दोन काकऱ्या, तुरीची एक ओळ, ज्वारीचा एक पट्टा आणि चुका-मेथीचा एक वाफा एवढं तरी पेरा. आणि अमावस्येला ज्याला रान नाही अशा एखाद्या घराला आधीच निरोप धाडा. येळवशीची तयारी एवढीच असते आणि तिची वेळ पेरणीची असते.