कॉव्हेंट्रीतील तीन दिवस

लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड असा कार्यक्रम ठरलेला असताना मध्येच तीन दिवस कॉव्हेंट्रीसाठी राखून ठेवावेत, हे आमची सहल आखून देणाऱ्या गृहस्थांना काही पटले नाही. "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" असे त्यांनी दोनदा विचारले. तिथे माझा सांगलीचा शाळेपासूनचा मित्र राहतो, एवढेच उत्तर माझ्याजवळ होते आणि ते मला पुरेसे वाटत होते.

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून गाडी साधारण तासाभरात तिथे पोहोचते. बाहेर पडताच प्रथम नजरेत भरतो तो शहराच्या मध्यभागाला आवळून बसलेला काँक्रीटचा रिंगरोड. मग एकसारख्या चौकोनी इमारती आणि वाहनतळ. "हे तर आपल्या एमआयडीसीसारखे दिसते," असे आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या. त्यात चुकीचे काहीच नव्हते. घड्याळे, सायकली आणि पुढे मोटारी यांच्या कारखान्यांवर हे गाव वाढले. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी ‘रोव्हर’ सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इथेच घडविली. आमचे वडील ज्या सायकलवरून दुकानात जात, तिचे मूळ या गावात आहे हे कळल्यावर मला हे शहर जरा जवळचे वाटू लागले. भर चौकात घोड्यावर बसलेल्या लेडी गोडायव्हाचा पुतळा आहे. प्रजेवरचा कर कमी व्हावा म्हणून तिने पतीची विलक्षण अट पाळली, अशी दंतकथा सांगतात. करकपातीसाठी पुतळा उभारणारे शहर व्यापाऱ्यांना तरी आवडायला हरकत नसावी.

मित्र इंजिनिअर. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी धरून तो तीस वर्षांपूर्वी इथे आला आणि निवृत्त होऊन इथेच राहिला. घर लहान, परसात दोन सफरचंदाची झाडे. वहिनींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभराच्या सूर्यास्ताच्या वेळा लिहून चिकटवल्या आहेत. आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला मुळीच घाई नव्हती. डिसेंबरात मात्र चार वाजायच्या आत ताट वाढावे लागते. "नोकरीत असताना डिसेंबरात दुपारच्या डब्यावरच दिवस काढायचा," मित्र हसत म्हणाला.

बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक लोखंडी गज टांगलेला होता. तो मी लगेच ओळखला. सांगलीच्या कापड पेठेतील त्यांच्या दुकानात, मेट्रिक मापे येऊन कित्येक वर्षे झाली तरी, तो गल्ल्याजवळ उभा असे. त्यांच्या वडिलांचा हात त्यावर टेकलेला मी लहानपणी रोज पाहिलेला आहे.

वडील गेल्यावर वाटणी झाली. दुकान धाकट्या भावाकडे, राहते घर दोघांत निम्मे. मित्राने आपला निम्मा भाग परक्याला विकला. त्याला इथल्या घराचे कर्ज फेडायचे होते, धाकट्याला विकत घेण्यासाठी वर्षभराची मुदत हवी होती. तेव्हापासून दोघांत अबोला आहे. बँकेत असताना अशी पुष्कळ प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. दोन्ही बाजू हिशेबाने बरोबर असतील तर ती मिटवणे सर्वांत अवघड, असे माझे मत झाले आहे. चूक सापडली तर ती दुरुस्त तरी करता येते. गजाचा उल्लेख मात्र वाटणीच्या कागदावर कुठेच नव्हता. मित्राने तो जाताना उचलला, आणि धाकट्याला घरापेक्षा तेच अधिक लागले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कापड पेठ बुडाली. त्या आठवड्यात मित्राचा मला दिवसातून तीन-तीनदा फोन येई. "पुलाजवळ किती झाले? पेठेत कुठवर आले?" भावाचे नाव एकदाही नाही. धाकटाही नंतर मला भेटला तेव्हा भिजलेल्या मालाबद्दल बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "तिकडे कळले असेलच."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मित्र आम्हांला जुन्या कॅथेड्रलमध्ये घेऊन गेला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्बवर्षाव केला. पाचशेहून अधिक माणसे मेली आणि हे मध्ययुगीन चर्च जळाले. ते पाडून टाकले नाही, की पूर्वीसारखे बांधलेही नाही. नुसत्या भिंती तशाच ठेवल्या, वर आकाश, आणि लागून बेसिल स्पेन्स यांनी आखलेले नवे चर्च उभे केले. ते १९६२ मध्ये खुले झाले. बॉम्बवर्षावात होरपळलेल्या जर्मनीतील ड्रेस्डेनशी या शहराने मैत्रीचा करार केला.

दुपारी बारा वाजता त्या उघड्या भिंतींमध्ये धर्मोपदेशकांनी क्षमेची प्रार्थना म्हटली. आम्ही बाजूला उभे राहिलो. वेदीमागच्या भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द कोरलेले आहेत: ‘फादर फर्गिव्ह’.

मित्र म्हणाला, "पाहिलेस? ‘त्यांना’ क्षमा कर असे लिहिलेले नाही. कोणाला, ते लिहिलेच नाही."

मी काही बोललो नाही. क्षमावाणीच्या दिवशी हा गृहस्थ दीडशे जणांना फोनवरून क्षमायाचनेचा संदेश पाठवतो. त्या यादीत एक नाव नसते, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत एखाद्याशी बोलणे टाकले की ‘त्याला कॉव्हेंट्रीला पाठवले’ असे म्हणतात. वाक्प्रचार ओठांवर आला होता, पण मी तो गिळला.

निघायच्या आदल्या रात्री तो स्क्रूड्रायव्हर घेऊन खुर्चीवर चढला. "बॅगेत बसेल का रे?" गज छत्तीस इंचांचा आणि आमची मोठी बॅग आतून तीस इंचांची, तिरपा घालूनही तो बसेना. शेवटी सौभाग्यवतींनी तो जुन्या चादरीत आणि पुठ्ठ्यात गुंडाळून त्याचे वेगळे पार्सल केले. विमानतळावर त्याची लांबलचक चौकशी झाली, ती असो.

"गल्ल्याजवळ ठेवून ये. काही सांगू नकोस," एवढेच मित्राने बजावले होते.

सांगलीस परतल्यावर मी तसेच केले. धाकट्याने गज उचलला, त्याची कड अंगठ्याने पुसली आणि समोर पसरलेल्या पॉपलिनच्या ताग्यावर एकदा लावून पाहिला. गिऱ्हाईक थांबले होते. मान वर न करता त्याने विचारले, "तिकडे दिवाळीत अंधार किती वाजता पडतो?"

"साडेचारच्या सुमारास," मी म्हणालो.