मॉरिशसच्या उसाचे बारा महिने

आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात मॉरिशस नावाचा एक बेटांचा देश आहे. नकाशावर तो करंगळीच्या टोकाखाली झाकून जाईल. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण चौथा हिस्सा. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. पण या देशाची ओळख आपल्याला परकी वाटू नये, कारण तो उसावर वाढला आणि तिथल्या उसात मराठी माणसाचाही घाम आहे.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. जानेवारीत आपल्याकडे कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, तेव्हा तिथे भर उन्हाळा, पाऊस आणि कांड्यावर आलेला ऊस असतो. पाऊसही गावागणिक वेगळा. मधल्या पठारावर गगनबावड्यासारखा कोसळतो, तर पश्चिम किनाऱ्याला शिरोळकडच्यासारखी पाण्याची ओढ. म्हणून तिकडे पाटपाण्याशिवाय ऊस साधत नाही.

जानेवारी ते मार्च हे काळजीचे महिने. या काळात चक्रीवादळे येतात. इशाऱ्याचे चार टप्पे ठरलेले आहेत. वरचा टप्पा लागला की सारा देश दारे-खिडक्या बंद करून घरात बसतो. १९६० सालच्या ‘कॅरोल’ वादळाने घरे उडवली आणि त्या वर्षीचे साखर उत्पादन निम्म्याहून खाली आणले. अशा वादळांशी झगडून या लोकांनी एक चांगली सोय उभी केली. १९४६ साली उसासाठी विमा निधी सुरू झाला. प्रत्येक ऊस उत्पादकाने, मग तो मोठा असो वा दोन एकरांचा, त्यात वर्गणी भरायची आणि वादळ, अवर्षण किंवा आगीने पीक गेले तर भरपाई घ्यायची. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांचा ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात कुजला, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

१ फेब्रुवारीला तिथे सुट्टी असते. १८३५ साली त्या दिवशी गुलामगिरी संपली. पण उसाला माणसे तर हवीतच! मग इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. तेच गिरमिटिये. पाच वर्षांचा करार, गड्याला महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आपल्याकडे तोडणी कामगाराच्या कोयत्याला जो ‘खाडा’ लावतात, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती रीत आपल्या फडात अजून का टिकावी, याचा विचार आपण सर्वांनीच करायचा आहे.

या मजुरांपैकी बहुतेक जण बिहारकडचे, कलकत्त्याहून गेलेले. पण मुंबई बंदरातूनही गलबते सुटली. त्यांत कोकणपट्टीतली, विशेषतः रत्नागिरीकडची, आणि घाटावरच्या साताऱ्यासारख्या भागातली माणसे होती. ते सारे काळ्या दगडांच्या माळावर उतरले. बेट ज्वालामुखीचे, त्यामुळे शेतात मातीपेक्षा धोंडे जास्त. ते वेचून मजुरांनी शेताच्या मधोमध रचलेले ढीग आजही उसातून डोके वर काढून उभे दिसतात. पुढे मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे हप्त्याने विकायला काढले, तेव्हा याच मजुरांनी पोटाला चिमटा घेऊन ते घेतले आणि मजुराचा शेतकरी झाला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये महाशिवरात्र येते. डोंगरातल्या गंगातलावाकडे लाखो भाविक कावडी घेऊन पायी चालतात. आपल्या जोतिबाच्या चैत्री यात्रेसारखीच गर्दी. १२ मार्च हा स्वातंत्र्यदिन. १९६८ साली देश स्वतंत्र झाला आणि गांधीजींच्या दांडीयात्रेचा दिवस म्हणून ही तारीख निवडली गेली.

जून उजाडला की थंडी पडते, उसाला साखर चढते आणि गाळप सुरू होते. ते डिसेंबरपर्यंत चालते. एकदा लागण केली की सहा-सात खोडवे घ्यायची तिथली रीत. चिपाडावर वीज करून सरकारी जाळ्याला देतात. साखर विकायला १९१९ पासून सर्वांची मिळून एकच संस्था आहे. अनेक वर्षे साखरेतले शंभरांपैकी ७८ भाग उत्पादकाचे आणि २२ कारखान्याचे, असा सरळ हिशेब होता.

२०२० च्या जुलैत एक मोठे जहाज प्रवाळावर आदळले आणि ऑगस्टमध्ये त्याचे तेल समुद्रात पसरू लागले. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडाच्या पिशव्यांत ठासून भरले, त्यांचे लांबलचक तरंगते बांध केले आणि तेल अडवायला समुद्रात सोडले. पाचट पेटवून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गाळप ऐन भरात असताना गणपती येतात. मराठी माणसे तिथे शंभरात दोनही नाहीत, तरी गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी! पश्चिमेकडच्या कास्कावेलसारख्या गावांत मराठी कुटुंबे आहेत. घरात क्रिओल बोली बोलतात, पण गोंधळ आणि कोकणातली जाखडी त्यांनी जपली आहे. शाळेत मुलांना मराठी शिकायची सोय आहे.

२ नोव्हेंबरला पुन्हा सुट्टी. १८३४ साली त्या दिवशी मजुरांचे ‘अ‍ॅटलस’ जहाज पोर्ट लुईला लागले. मजूर जिथे उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपल्या आहेत.

आता खरी गोष्ट. १९७५ पासून युरोप या देशाची साखर ठरल्या, चढ्या भावाने घेत होता. २००६ नंतर चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला गेला. १९७३ साली सात लाख टनांवर गेलेले उत्पादन अलीकडे अडीच लाखांच्याही खाली आले. कारखाने बंद होत होत बोटांवर मोजण्याइतके राहिले. वयस्क शेतकरी थकले, मुले हॉटेलांत आणि कचेऱ्यांत गेली. जी जमीन आजोबांनी धोंडे वेचून केली, तिच्यात आज कित्येक ठिकाणी झुडपे माजली आहेत. आणि ज्या देशात चोहीकडे ऊसच ऊस होता, त्याला तांदूळ आणि गहू बाहेरून आणावे लागतात.

आपला कोल्हापूरचा उतारा चांगला, कारखाने जवळ, उसाने घराघरांत चार पैसे आणले. हे खरेच आहे. ऊस सोडा असे मी म्हणत नाही. पण भाव ठरवणारा दूर बसलेला असतो, आणि त्याने हात आखडला की एकाच पिकावर उभे असलेले घर हलते. म्हणून शक्य असेल त्याने खोडवा मोडल्यावर एखादे वाकुरे भुईमूग-सोयाबीनला द्यावे, घरच्यापुरता भाजीपाला आणि कडधान्य करावे, दारात दुभते जनावर राखावे. आणि धाकट्यांना शेतीचा हिशेब आतापासून दाखवावा. जमीन वारसाने मिळते, पण ती कसण्याची गोडी समोर बसवूनच लावावी लागते.