चार घास कमी

आमच्या लहानपणी दुपारची जेवणं उरकली की माजघरात बायका सूप घेऊन बसत. तांदूळ निवडता निवडता आजीचं लक्ष सगळ्यांवर असे. ‘‘आज चार घास कमी का गेले गं?’’ असं ती सुनेला विचारी. ‘‘काही नाही’’ म्हटलं की विषय संपे. ओटीपोटातल्या दुखण्याला नावच नव्हतं. ‘बायकांचं दुखणं’ म्हणायचं, ओव्याच्या पुरचुंडीने शेकायचं आणि अंगावर काढायचं. पाळीत मुलगी गडाबडा लोळली तरी ‘सोसायला शीक’ एवढंच तिला ऐकवलं जाई.

आज नावं आहेत. त्या लोळण्यामागे एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार असू शकतो, त्याने आत सतत दाह राहतो आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांचा धोका वाढतो, हे आम्हाला साठीत कळलं. तसं पाहिलं तर दर महिन्याला अंडं बाहेर पडताना अंडाशयाचा पापुद्रा फाटतोच. तिथे सूज येते, पांढऱ्या पेशी धावून येतात, जखम भरते. भरताना नव्या पेशी तयार होतात आणि दाहातली रसायनं त्यांच्या डीएनएला इजा करू शकतात. इजिप्तचे डॉ. महमूद फथल्ला यांनी १९७१ मध्ये या अखंड बीजमोचनाकडे बोट दाखवलं. १९९९ मध्ये रोबर्टा नेस यांनी सहकाऱ्यासोबत त्यात दाहाचा धागा ओवला. पुढे दिसलं की या कर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार बऱ्याचदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, आणि ते टोकही अंडं सुटताना सांडणाऱ्या द्रवात भिजत असतं.

आजीची आठ बाळंतपणं झाली. गरोदरपणात आणि अंगावर पाजण्यात तिच्या अंडाशयाला विसावा मिळत गेला. आम्हाला दोन मुलं, आमच्या मुलींना एक. आमच्या वाट्याला ती जखम आयुष्यात चारशेच्या आसपास वेळा. हा हिशेब मांडला की आजीचा काळ बरा वाटू लागतो. पण तिची तीन मुलं हातची गेली, धाकटी बहीण बाळंतपणातच गेली. असा विसावा कुणाच्याही वाट्याला येऊ नये. आज गर्भनिरोधक गोळीने बीजमोचन थांबतं आणि काही वर्षं घेतली तर हा धोका घटतो.

दिवेलागणीआधी तोंड धुऊन, वेणीफणी करून आम्ही बहिणी आरशासमोर रांगेत उभ्या राहायचो. आई गुलाबी पफने एकेकीला पावडर लावायची. उन्हाळ्यात तीच पावडर बायका जांघेतही टाकत. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा पावडरीतलं टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. माणसांमधला पुरावा अजून मर्यादित आहे, आणि प्रश्न जांघेतल्या पावडरीचा आहे, गालावरच्या नव्हे. तरी आम्ही डबा टाकून दिला. ती रांग मात्र आठवते.

आता ज्ञान आहे, पण अंडाशयाच्या कर्करोगासाठी सरसकट तपासणीचा उपाय नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी केली. त्याने मृत्यू घटले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. मग उरतं ते घरातलं लक्ष. आणि घरात प्रत्येकाचं ताट वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत. आमच्या एका मैत्रिणीने पोट फुगतं म्हणून दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. तिचे घास मोजणारं कुणी नव्हतं.

पोट फुगणं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं, यातलं काही नव्याने सुरू झालं आणि महिन्यात बारा-पंधरा दिवस राहिलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोनोग्राफीबद्दल आणि सीए-१२५ च्या रक्ततपासणीबद्दल विचारा. आणि घरातली बाई चार घास कमी जेवली तर तिला विचारा. ‘काही नाही’ म्हणाली, तरी पुन्हा विचारा.