व्हॉल्व्ह तीस टक्के

गेल्या मार्चपर्यंत माझा एसीशी संबंध रिमोटपुरताच होता. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मी अ‍ॅडमिनला. हाउसकीपिंगची बिलं, ओळखपत्रं, गणपतीत मखर कुठे लावायचं, असले प्रश्न माझ्याकडे यायचे. मग बीएमएस बघणारा इंजिनीअर नोकरी सोडून गेला आणि साहेबांनी पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली. ‘‘काही करायचं नसतं, नुसतं बघायचं,’’ म्हणाले.

बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. तळघरातल्या खोलीत एक संगणक आणि त्याच्या पडद्यावर अख्खी इमारत. निळे पाइप, मजल्यामजल्यावर एएचयू लिहिलेल्या पेट्या, प्रत्येक पेटीत गरगरणारा हिरवा पंखा. एएचयू हे हवा गार करून डक्टमध्ये ढकलणारं धूड. गच्चीवरच्या चिलरमधून सात-आठ अंशांचं पाणी त्याच्या कॉइलमध्ये येतं. किती यावं ते व्हॉल्व्ह ठरवतो आणि व्हॉल्व्हला हुकूम हा संगणक देतो. एवढं कळायलाच मला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी कोपऱ्यात लाल आकडा दिसला : 412 अलार्म. शेजारी ‘अ‍ॅकनॉलेज ऑल’ असं बटण होतं. दाबलं. लाल गेलं, पडदा शांत. मी खुशीत ऑपरेटर मामांना बोलावून दाखवलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं. ‘‘मॅडम, गजर बंद केला म्हणजे माणूस उठला असं होतं का?’’

पुढच्याच आठवड्यात हेड ऑफिसची मेल आली. इमारतीला बीईई म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल घ्यायचंय, आकडे पाठवा. ऑफिस इमारतींना एक ते पाच तारे मिळतात, फ्रिजसारखेच. वर्षभराची वीज भागिले क्षेत्रफळ. बी.कॉम. माणसाला यात काय अवघड? वर्षाची 9 लाख युनिटं, 65 हजार चौरस फूट. उत्तर आलं 14 च्या आत. तक्त्यात पाच ताऱ्यांसाठी मागितलेला आकडा याच्या कितीतरी वर होता. मी साहेबांना ‘आपण पाच ताऱ्यांच्याही पुढे आहोत’ असं लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी ऊर्जा लेखापरीक्षक आले, कागद बघितला आणि फार सौजन्यानं विचारलं, ‘‘हे चौरस मीटरला, की फुटाला?’’

10.76 ने गुणलं. 149. तारे मावळले.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. ‘‘रात्री दोन वाजता तुमची इमारत किती वीज खाते?’’ मी पडदा दाखवला : वेळापत्रकात संध्याकाळी सातला सगळे एएचयू बंद. ते म्हणाले, ‘‘हा हुकूम झाला. मशीन काय करतंय ते सांगा.’’ आणि त्यांनी माझे ते गप्प केलेले 412 अलार्म उघडले. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं : बंद व्हायला सांगितलंय, चालू आहे.

आम्ही पॅनल रूममध्ये गेलो. प्रत्येक एएचयूच्या पॅनलवर एक काळा सिलेक्टर स्विच असतो : ऑटो, ऑफ, हँड. पाचही मजल्यांचे स्विच हँडवर. हँडवर म्हणजे संगणकानं काहीही सांगितलं तरी पंखा आपला फिरतोय. मामा म्हणाले, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये गरम झालं, तेव्हा टाकले होते. पुन्हा ऑटोवर टाका असं कुणी सांगितलं नाही. वर पंखे पूर्ण 50 हर्ट्झवर. ते 40 वर आणले तर वीज जवळपास निम्मी होते. वेग पाचव्या हिश्शानं कमी होतो, पण विजेचा हिशेब घनानं चालतो. हे मला खोटं वाटलं, म्हणून कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं.

त्या रात्री मी ईसीबीसी म्हणजे इमारतींसाठीचा ऊर्जा संवर्धन कोड उघडला, 2017 चा. जोडभार 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त असलेल्या नव्या व्यावसायिक इमारतींसाठीचा. भाषा रुक्ष, पण आतली माणसं व्यवहारी असावीत. एसीच्या टायमरला आठवड्यात तीन प्रकारच्या दिवसांची वेगवेगळी वेळापत्रकं लावता आली पाहिजेत. आणि कुणाला वेळेनंतर थांबायचंच असेल तर हातानं चालू करता यावं, पण जास्तीत जास्त दोन तास. मीटिंगमधले साहेब कोड लिहिणाऱ्यांना आधीच माहीत होते!

स्विच ऑटोवर आले तरी तिसरा मजला कुडकुडतच राहिला. तिथल्या बायका एप्रिलमध्ये शाली घेऊन बसायच्या. पडद्यावर व्हॉल्व्ह तीस टक्के उघडा, सगळं हिरवं. शेवटी मामा मला एएचयू रूममध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, ‘‘पाइपाला हात लावा.’’ आत जाणारा पाइप बर्फासारखा. परतीचाही जवळपास तसाच. पाणी भसाभसा येऊन तसंच परत जात होतं. व्हॉल्व्ह फिरवणारी छोटी मोटर हुकमाप्रमाणे इमानदारीत तीस टक्क्यांवर वळली होती, पण तिची पकड व्हॉल्व्हच्या दांड्यावरून सुटलेली. दांडा सताड उघडा. एक स्क्रू ढिला. मामांनी तो अ‍ॅलन कीनं आवळला, दोन मिनिटांचं काम. शाली कधीपासून होत्या म्हणून वर विचारलं, तर कुणी म्हणालं, दिवाळीपासून.

परवा शनिवारी अकाउंट्सला उशिरापर्यंत बसायचं होतं. मी मामांचा स्विचकडे गेलेला हात थांबवला आणि दोन तासांचं बटण दाखवलं. सातला दाबलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी घरी भाकऱ्या थापत होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

‘‘मॅडम, थांबला पंखा.’’

‘‘पडद्यावर?’’

‘‘नाही हो. वर जाऊन आलो.’’