समुद्रातली गोड विहीर

बोटीने बेटावर जाऊन आलेली माणसे समुद्राच्या रंगाविषयी पुष्कळ सांगतात. मीही दोन शब्द सांगेन, पण मला खरे बोलायचे आहे ते पिण्याच्या पाण्याविषयी. कारण मी राहते संग्रामपूर तालुक्यात. आमच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिकडे सोनाळ्याच्या बाजूला संत्र्याचे मळे दिसतील. पण जसजसे दक्षिणेला पूर्णेकडे यावे, तसतसे विहिरीचे पाणी खारे होत जाते. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा. आमचे घर त्यातच आहे. तुरीची डाळ चुलीवर तासभर ठेवली तरी दाणा दाण्याला सोडत नाही, हे आमच्याकडच्या बायकांना वेगळे सांगायला नको.

आमचा धाकटा मुलगा कोचीला नोकरी करतो. २०१९ च्या जानेवारीत त्याने आमची लक्षद्वीपची सहल ठरवली. कोचीहून बोट निघते, दिवसा एकेका बेटावर उतरवते आणि रात्री पुन्हा बोटीवरच मुक्काम. तिथे जायला परवाना लागतो, तोही त्यानेच काढला. निघालो चौघे : मी, आमचे हे, नातू आणि सासूबाई. सासूबाईंचे वय बहात्तर. गळ्यात माळ, दरवर्षी शेगावची वारी. त्या येतील असे कुणालाच वाटले नव्हते. पण थोरला मुलगा गेल्यापासून त्या घरात फार गप्प झाल्या होत्या, म्हणून मीच आग्रह धरला.

भुसावळहून आम्ही मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस धरली. गाडीचे नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे गाडी थेट बेटावरच जाते काय वं?" डब्यातली सगळी माणसे हसली. गाडी जाते एर्नाकुलमपर्यंत, पुढचा प्रवास पाण्यावरचा.

कोचीपासून कवरत्ती बेट सुमारे चारशे किलोमीटर. रात्रभर बोट चालली आणि सकाळी कवरत्ती दिसले. दिसले म्हणजे काय, तर पाण्यावर नारळीच्या झाडांची एक हिरवी रेघ! डोंगर नाही, टेकडी नाही. सगळे बेट समुद्रापेक्षा फार तर दोन-चार पुरुष उंच. लांबी सहा किलोमीटरच्या आत आणि रुंदी जिथे जास्त तिथे दीड किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपण सकाळी शेताला चक्कर मारतो, तेवढ्या वेळात माणूस एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला पोहोचेल. मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहिली आणि लहान होडीने आम्हाला किनाऱ्याला आणले. सासूबाईंना दोघांनी धरून उतरवले. पोवळ्याच्या खडकांनी अडवलेले आतले पाणी इतके नितळ की तळाची वाळू मोजावी. बाहेरचा समुद्र निळा आणि आतला मोरपंखी. रंगाविषयी एवढेच पुरे.

लक्षद्वीप हा १९५६ साली केंद्रशासित प्रदेश झाला. हे नाव मात्र १९७३ पासूनचे. १९६४ पासून कवरत्ती हे त्याचे मुख्य ठाणे. सगळ्या बेटांची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. शेती म्हणाल तर नारळ. माती म्हणाल तर पोवळ्याची पांढरी वाळू, काळ्या मातीचा कणही नाही. तांदूळसुद्धा बोटीने मुख्य भूमीवरून येतो. नदी नाही, ओढा नाही, धरण नाही.

आम्हाला बेट दाखवायला एक स्थानिक तरुण होता. तिथली भाषा मल्याळम, पण त्याला हिंदी चांगले येत होते. नारळीच्या बागेतून जाताना तो एका घरापुढे थांबला. घरची बाई विहिरीवरून पाणी काढत होती. विहीर कसली, उथळ हौदच म्हणा. पुरुषभर खोल असेल नसेल, हातभर दोराने बादली बुडावी एवढेच पाणी खाली. आणि समुद्र तिथून अगदी हाकेवर. लाटेचा आवाज येत होता.

त्या बाईने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि न मागता तांब्या पुढे केला. सासूबाईंनी आधी जिभेला लावून पाहिले, आपल्याकडे नव्या विहिरीचे पाणी पाहतात तसे. मग सगळा तांब्या रिकामा केला.

"आपल्या घरी समुद्र नाही काई नाही, अन् पाणी खारं. इथं चहूकडं समुद्र, अन् पाणी गोड. हा हिशेब मले नाही समजत बाप्पा."

त्या तरुणाला मी हे हिंदीत सांगितले. तो हसून म्हणाला, "माजी, ऊपर मीठा, नीचे खारा."

मग त्याने जे समजावले ते मी तुमच्यासाठी आपल्या भाषेत मांडते. पावसाचे पाणी वाळूत मुरते. खाली समुद्राचे खारे पाणी आधीच भरलेले असते. गोडे पाणी हलके, खारे जड. दुधावर साय धरावी तसे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. बेटाच्या मध्यभागी त्याचा थर जाड आणि किनाऱ्याकडे पातळ, भिंगासारखा. साधारण हिशेब असा की समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर खाली चाळीसेक फूट गोडे असते. म्हणजे वरचे एक फूट उपसून कमी झाले, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढते. म्हणून मोटार लावून जोरात उपसणे तिथे घातक. बादलीने काढलेले पाणी साय हलवत नाही. भरती-ओहोटीबरोबर त्या विहिरीचे पाणीही थोडे वरखाली होते, हे ऐकून नातू विहिरीपासून हलायलाच तयार होईना.

गावात उज्रा मशीद नावाची जुनी मशीद आहे. तिचे लाकडी कोरीव छत प्रसिद्ध आहे. आम्ही ती बाहेरूनच पाहिली. तिच्याजवळच्या विहिरीच्या पाण्याने आजार बरे होतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. सासूबाईंनी तिथेही दुरूनच हात जोडले. पाण्याला हात जोडायला जात-धर्म कशाला पाहावा?

पण सगळे काही गोड आहे असे समजू नका. माणसे वाढली, घरे वाढली, संडासाच्या टाक्या विहिरींजवळ आल्या आणि पाणी बिघडू लागले. म्हणून २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभारला, दिवसाला एक लाख लिटरचा. त्याची रीत आपल्या स्वयंपाकघरातली आहे. भातावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसेच. टाकीतली हवा काढून घेतली की समुद्राचे वरचे कोमट पाणी तापवल्याशिवायच वाफ होऊ लागते. ती वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलीवरचे गार पाणी नळाने वर आणतात. वाफेचे थेंब होतात, मीठ मागे राहते. पुढे २०११ साली मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवरही असे कारखाने सुरू झाले.

दुपारी भात, भाजी आणि खोबऱ्याची चटणी जेवलो. तिथे मासळी मुबलक, पण सासूबाईंसाठी वेगळे वाढले. जेवणानंतर त्या नारळीच्या सावलीत बसल्या. नातू आणि त्याचे आजोबा काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहायला गेले. मी सासूबाईंजवळ राहिले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याले असं पाणी भेटलं असतं तं…"

वाचकहो, आमचे भासरे २०१६ साली किडनीच्या आजाराने गेले. वय अवघे सत्तेचाळीस. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला नेले. दोन एकर विकले. आमच्या भागात असे रुग्ण बरेच आहेत. गावोगाव लोक खाऱ्या पाण्याकडेच बोट दाखवतात. भासऱ्यांच्या बाबतीत नेमके कारण कोणते, हे डॉक्टरांनीही ठामपणे सांगितले नाही. पण आईच्या मनाला कारण लागते. मी त्यांना काय उत्तर देणार? मी फक्त त्यांचा हात धरून बसले.

संध्याकाळी होडीने परत मोठ्या बोटीवर आलो. पुढे आणखी बेटे पाहिली, पण माझ्या डोक्यात ती विहीरच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, बेटाची गोष्ट बेटावर, आपल्याला तिचा काय उपयोग? उपयोग आहे. बेटावरची वाळू पाणी झरझर मुरवते, आपली चोपण काळी माती मुरू देत नाही. म्हणून त्यांच्यासारखी गोडी विहीर आपल्याला होणार नाही, हे खरे. पण मुरत नाही म्हणूनच आपल्या मातीत शेततळे चांगले टिकते. आणि दोन्हीकडे गोडे पाणी येते एकाच ठिकाणाहून, आभाळातून. त्यांनी प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवला. आपण पागोळ्या अंगणातून वाहू देतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलीमीटर धरला तर ३२ हजार लिटर होते. गळती, सांडलवंड वजा जाता २५ हजार लिटर हाती येईल. सहा माणसांच्या घराला पिण्यास आणि स्वयंपाकास दिवसाला ६० लिटर लागतात. म्हणजे वर्षभर पुरून उरेल एवढे पाणी आपल्या डोक्यावर पडते!

एवढी मोठी टाकी आम्हाला परवडली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही दहा हजार लिटरची बांधली. पन्हळाला नळी जोडली आणि मध्ये वाळू-गोट्याची गाळणी केली. पहिले दोन पाऊस बाहेर सोडून देतो, म्हणजे छपरावरची धूळ, पाखरांची घाण धुऊन जाते. झाकण घट्ट असते, उजेड आणि डास आत जाऊ देत नाही. पिण्याचे पाणी उकळून घेतो. पावसाळा संपताना टाकी भरलेली असली की मार्चच्या मध्यापर्यंत पुरते. पुढे वान धरणावरच्या १४० गाव योजनेचे नळाचे पाणी असते. ते ज्या दिवशी येते, त्या दिवशी भरून ठेवायचे.

टाकीला घरात पहिल्यांदा विरोध झाला. "एवढ्या पैशात बियाणं झालं असतं," असे आमचे हे म्हणाले. सासूबाईंनी कनवटीचे पैसे काढून गवंड्याच्या हातावर ठेवले, मग कुणी बोलले नाही. त्या टाकीच्या पाण्यात पहिल्यांदा वरण शिजवले तेव्हा डाळ लोण्यासारखी घोटली गेली. सासूबाईंनी पहिली वाटी भासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवली.

खारपाण पट्ट्यातल्या माझ्या बहिणींनो, मृगाच्या आधी एकदा आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजून पाहा. दहा हजाराची टाकी जमत नसेल तर दोन हजाराची बांधा, तीही नाही तर दोन पिंप पागोळीखाली मांडा. बेटावरच्या त्या बाईकडेही एक बादलीच होती.